उलटं बाहुलं

"फावडं, चाकांच्या साखळ्या, ब्लँकेट, भाताचे गोळे! बाबा, घाटात अडकलात तर संसारच थाटाल!"

"तूच थाटून दिलायस की, चिनात्सु!" बाबांनी डिकी लावली. आता महिनाभर ते घाटापलीकडे, कामावर.

पांढऱ्या फडक्याचं बाहुलं खिडकीत सुलटं टांगलं की ऊन पडतं, उलटं टांगलं की वादळ येतं. घाट बंद व्हावा म्हणून मी काल गुपचूप माझ्या खिडकीत उलटं टांगलं होतं.

"अहो, निघा लवकर, आभाळ बघा!" आईने अक्षरशः पिटाळलंच त्यांना.

गाडी वळणाआड गेली आणि बर्फाचं वादळ सुटलं. बाहुलं सुलटं करायला मी धडाधड जिना चढले. वाटेत आईची खोली उघडी होती. खिडकीत टाचा उंचावून ती स्वतःचं उलटं बाहुलं सोडवत होती.