डिंकाचे डाग

अपघातात डोक्याला मार बसला आणि आबा माणसं विसरले. "घरच्यांचे फोटो रोज दाखवत जा," डॉक्टर म्हणाले. मी अल्बम केला, प्रत्येक फोटोखाली नाव लिहिलं आणि तो माझ्या भावाच्या, प्रणितच्या हातात देऊन सासरी नाशिकला गेले.

दोन महिन्यांनी मी माहेरी पनवेलला आले. मला पाहुणी समजून आबा अल्बम दाखवू लागले.

"ही शकू, माझी बायको. हा प्रणित, माझा पोरगा."

पुढच्या पानावर माझ्या नावाच्या वर नुसते डिंकाचे डाग होते.

"इथं कोण होतं, आबा?"

"माझी पोरगी. प्रणितनं फोटो काढून ठेवलाय. तिनं जमिनीच्या कागदावर सही केली का परत लावनार हाय."

मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तुमाला भेटली तर सांगा तिला, सही कर म्हनावं. मला एकदा तिचं तोंड बघायचंय."