जामीनदार

न वाचता सही करायची नाही, हा निवृत्त अभियंता प्रभाकररावांचा शिरस्ता. जयपूरच्या कोर्टात मुलीला, रॉक गायिका निशिगंधाला, जामीन राहतानाही त्यांनी तो मोडला नाही. भावना दुखावल्याच्या आरोपपत्राला तिची बारा गाणी जोडलेली होती. घरात ज्या गाण्यांचे नावही ते काढू देत नसत, तीच आज ते ओळीखाली बोट धरून वाचत होते.

"बाबा, वकीलजी कधीचे थांबलेत! पाचच्या आत सही नाही झाली, मतलब मला आत नेतील."

"आरोप बारा गाण्यांवर आहे. माझी सातच झाली."

बारावे संपल्यावर त्यांनी सही केली. मग पाने उलटून ते पुन्हा सातव्यापाशी आले.

"हे नुसते वाचून पुरते कळत नाही गं. चाल कशी आहे याची?"