मिस्त्रींची कचरागाडी

टिल्लीला गाडी उचलेना.

खोक्याच्या मधोमध ती उभी, खांद्यांवर दोन नाड्या. दात-ओठ खाऊन जोर लावत होती, पण गाडी ढिम्म. उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर पहिलीतल्या प्रत्येक पोराने आपली पुठ्ठ्याची गाडी अंगात घालून एक फेरी मारायची होती. फेरी राहिली बाजूला, टिल्लीला जागचं हलता येईना.

"आजोबा, ही खूप जड आहे."

"जड नाही, मजबूत आहे," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकच्या बॉड्या बांधल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची. नातीने कचरागाडी मागितली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं, पण कामात कुचराई करणं रक्तातच नव्हतं. पुठ्ठ्याला आतून लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांना पत्रा, मागचं झाकण बिजागऱ्यांवर. दहा मण माल आरामात मावला असता. फक्त सहा वर्षांच्या पोरीला ती पेलत नव्हती.

टिल्लीचा ओठ थरथरायला लागला. पलीकडे तिचा बाबा कपड्यांना इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी ठेवली आणि मुलीला खोक्यातून बाहेर काढलं.

"अगं, रडतेस काय? तुझ्या बाबाला विचार," मिस्त्रींचा आवाज एकदम मऊ झाला. "तो तुझ्याएवढा होता तेव्हा मी त्याला आगीचा बंब करून दिला होता. शिडी वरखाली व्हायची! पहिलं बक्षीस. मास्तरांनी वर्षभर कपाटावर मांडून ठेवला. काय दिवस होते ते! आणि हा शेजारी बसून नुसता टकमका बघायचा. आठवतं ना रे?"

"आठवतं की," मुलगा हसला. "त्या लाल रंगाचा वास अजून नाकात आहे. पण अण्णा, तोही मला उचलत नव्हता. शाळेत तुम्हीच घेऊन गेलात, मी आपला मागून दप्तर घेऊन. फोटोतसुद्धा बंब तुमच्याच हातात आहे."

"मग काय, पाडला असतास."

"पाडलाच असता. मास्तर म्हणाले, शिडी कशी वर करतात दाखव. मला कुठे येत होतं? तुम्ही हात लावू दिलात तर ना!"

तो तक्रार करत नव्हता, म्हणूनच ते मिस्त्रींच्या वर्मी लागलं. पोरासाठी आयुष्यात काय केलं, असा विचार मनात आला की त्यांना आधी तो बंबच आठवायचा. आज पहिल्यांदाच त्यांना बंबामागून चालणारं पोर दिसलं.

मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी नातीच्या हातात दिली.

"पलंगाखाली पंख्याचं रिकामं खोकं आहे, ते काढ. तू सांगशील तिथे मी नुसतं धरतो."

"नुसतंच धरायचं हं," टिल्लीने बजावलं. "मधे मधे करायचं नाही."

"नाही करत, बाई."

म्हणणं सोपं होतं. टिल्लीने पट्टी न लावता रेघ ओढली तेव्हा मिस्त्रींचे हात शिवशिवायला लागले. बाबाने त्या रेघेवरूनच कात्री चालवली. चार चाकं चार मापांची झाली. खिडकी एकाच बाजूला. मिस्त्रींनी ओठ घट्ट मिटले आणि खोकं धरून ठेवलं. पण गाडी हलकी झाली. टिल्ली ती घालून खोलीभर पळाली, खुर्चीवर आदळली आणि खिदळत परत आली.

"बाबा, एक दिवा राहिलाय. तू चिकटवतोस?"

मुलाने बरणीचं झाकण घेतलं, मागे डिंक फासला आणि श्वास रोखून पुठ्ठ्यावर दाबलं. दिवा बसला तो शेजारच्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली, शिवाय तिरपा. मुलाने चाळिशी ओलांडली होती, तरी त्याची नजर आपसूक बापाकडे गेली.

"अण्णा, सरळ करू का?"

मिस्त्रींचा हात पुढे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"तू लावलायस ना? मग बरोबरच आहे."