हट्टाचा लॅपटॉप

दुकानातल्या मुलीनं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले. विओरिकानं मुलाकडे पाहिलं. रारेशनं खांदे उडवले. "तुला बरा वाटेल तो घे, आई."

दहा दिवस हेच चाललं होतं. सूप आवडलं का, तर हो. शर्ट घट्ट होतोय का, तर नाही, छान आहे. आणि बटणं बिचारी पोटावर ताणलेली. ऑगस्टच्या सुट्टीत विओरिका इटलीहून रोमेनियात, बोतोशानीला घरी आली, तेव्हापासून पोरानं तिला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. शेजारणी म्हणत, नशीब काढलंस बाई, काय गुणाचा मुलगा आहे. विओरिकाला मात्र ते खटकायचं. नऊ वर्षं ती इटलीतल्या ब्रेशात परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलत होती. पोटची पोरं आपल्या आईशी कशी बोलतात, ते तिनं तिथे रोज ऐकलं होतं. चांगली आरडाओरड करतात. इतक्या अदबीनं बोलतात ते पाहुणे.

रविवारी तिची परतीची बस होती. त्याआधी रारेशनं एकदा तरी हट्ट धरावा, हे नको तेच हवं म्हणून पाय आपटावेत, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठीच तर ती त्याला दुकानात घेऊन आली होती. एरवी दर शनिवारी इटलीहून सुटणाऱ्या व्हॅनमधून तिचं खोकं यायचं. त्यात कॉफी असायची, चॉकलेटं असायची, कधी बूट असायचे. बुटांच्या मापासाठी रारेश कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा आणि तो कागद ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. लॅपटॉपचं माप तसं पाठवता आलं नसतं.

दुकान सुट्टीला आलेल्या आईबापांनीच भरलं होतं. पलीकडच्या टेबलाशी स्पेनहून आलेला, उन्हानं रापलेला एक बाप उभा होता आणि त्याची मुलगी त्याच्याशी कडाकडा भांडत होती. विओरिकाला त्या बापाचा हेवा वाटला.

शिकणार काय, असं दुकानातल्या मुलीनं रारेशला विचारलं. याश शहरात, इंजिनियरिंग, तो म्हणाला. आणि गेम कुठले? याचं उत्तर विओरिकानं मोठ्या कौतुकानं दिलं.

"गाड्यांच्या शर्यतीचा. वेड आहे त्याला त्याचं."

मुलीनं रारेशलाच पुन्हा विचारलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, की ते वेड तो चौथीत असतानाचं. आता रोज संध्याकाळी पाच जण मिळून इंटरनेटवर किल्ला लढवतात. एक पोलंडचा आहे, एक पोर्तुगालची, दोघं भाऊ ग्रीसचे. तीन वर्षं झाली. विओरिकाला त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं.

मग त्या मुलीनं निवाडा केला. किल्ला लढवायचा तर हा जाडा घ्या. तापतो, पंख्याचा आवाज करतो, पाठीवर वाहायला जड, पण दमदार आहे. हा पातळ अभ्यासाला उत्तम, बॅटरी दिवसभर पुरेल, पण तसले गेम यावर चालायचे नाहीत.

"कॅमेरा कुठल्याचा चांगला?" विओरिकानं विचारलं.

पातळाचा, मुलगी म्हणाली. जाड्याचा जेमतेमच.

"मग पातळच घेऊ," रारेश लगेच म्हणाला. त्याचा हात मात्र जाड्याच्या कळांवर होता. आता बोलेल, असं विओरिकाला वाटलं. त्यानं हात उचलला आणि खिशात घातला.

मुलीनं पातळाचा कॅमेरा चालू करून दिला आणि खोकं आणायला आत गेली. पडद्यावर दोघं उमटली. नऊ वर्षं विओरिकानं मुलाला असंच पाहिलं होतं, रोज नऊच्या ठोक्याला, तिथली म्हातारी झोपली की. तिचं तोंड आपोआप उघडलं.

"जेवलास का रे?" तिनं पडद्याला विचारलं.

"जेवलो की," रारेश पडद्याला म्हणाला. त्याचे खांदे सैल पडले. दहा दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याकडे नीट बघत होता. "सारमाले खारट झाले होते."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"पहाटे पाचला उठून कोबीची पानं वळत बसली होतीस. काय बोलणार?"

विओरिकाला हसू आलं. पडद्यावरचा रारेशही हसला. तिला वाटलं, हा माझा मुलगा, हा मला ओळखीचा आहे.

"आता खरं सांग. कुठला हवाय तुला?"

"जाडा." त्याला विचार करावाच लागला नाही. "याशला माझं कुणीसुद्धा नाही, आई. ते चौघं तेवढे असतील."

"अरे, मग हट्ट का नाही धरलास? ती पोरगी बघ बापाशी कशी भांडतेय. तू का नाही भांडत माझ्याशी?"

पलीकडच्या टेबलावरचं भांडण मिटलं होतं, बापलेक खोकं उचलून निघाले होते.

"भांडलो," तो म्हणाला, "आणि रविवारपर्यंत मिटलंच नाही तर?"

त्याचे डोळे भरून आले होते. विओरिकाचा जीव तीळ तीळ तुटला. त्याच्या गालावरून हात फिरवावा म्हणून तिनं हात पुढे केला. रारेश तिच्या कोपराला कोपर लावून उभा होता, आणि तिची बोटं पडद्याच्या काचेला लागली.