मधलं थांबणं

होसियाने टोपीने घाम पुसला आणि सवयीने प्रेक्षकांकडे नजर टाकली. उभी हयात त्याने काळ्यांच्या बेसबॉल लीगमध्ये पिचर म्हणून चेंडू टाकले. गोऱ्यांच्या संघांनी दार उघडलं नाही, त्याचं आता फारसं वाटत नव्हतं. सलत होतं ते एवढंच, की पाद्री असलेल्या वडिलांनी त्याचा खेळ एकदाही पाहिला नव्हता. गावातले इतर पाद्री रविवारी सामन्यासाठी प्रार्थना लवकर आटोपत. बाबांचं गाऊन सांगितलेलं प्रवचन मात्र ऊन कलेपर्यंत चाले. आणि आजचा सामना होसियाचा शेवटचा होता.

समोरच्या शेवटच्या फलंदाजाचे दोन फटके हुकले होते. तिसरा हुकला की तो बाद आणि आपण जिंकलो. तेवढ्यात फाटकातून गाणं ऐकू आलं. पुढे काळ्या झग्यातले बाबा, मागे ठेवणीतल्या हॅट घातलेल्या बायांसकट अख्खं चर्च.

"देवाने आज लवकर सोडलं वाटतं," फलंदाजामागे चेंडू झेलायला बसलेला कॅचर हसला.

होसियाने हात उंच नेला आणि क्षणभर वरच थांबवला. मैदानाने श्वास रोखला. मग चेंडू सुटला. बॅट नुसती हवेत फिरली.

"आमेन," बाया एका सुरात म्हणाल्या.

बाबा मैदानात आले. "ते मधलं थांबणं माझं आहे. देवाचं नाव घेण्याआधी मी थांबतो, तस्संच."

"लहानपणी चर्चच्या पहिल्या बाकावर बसूनच शिकलो, बाबा."

"म्हणजे इतकी वर्षं तू इथे प्रवचनच करत होतास की." बाबांनी त्याचा हात हातात घेतला, घसा साफ केला आणि सकाळचं अर्धवट सोडलेलं प्रवचन तिथूनच पुढे गायला सुरुवात केली.