आधी काही नव्हतं

"डॉक्टरांनी विचारलं की एवढंच म्हणायचं, आधी काही नव्हतं," रिक्षात मी अप्पांना तिसऱ्यांदा पढवलं. विमा कंपनी जुन्या आजाराला दमडी देत नव्हती, म्हणून त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांचा डबा मी घरीच ठेवला होता.

निवृत्त मुख्याध्यापक कण्हतच हसले. "तीस वर्षं कॉप्या पकडल्या रे. आता मलाच कॉपी करायला लावतोस?"

"पास व्हायचंय ना, अप्पा?"

अप्पा उत्तम बोलले. बीपी? नाही. हृदय? ठणठणीत. औषधं? रोज सकाळी च्यवनप्राश. डॉक्टरांनी कौतुकाने सगळं लिहून घेतलं आणि त्यांना अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आत नेलं.

अर्ध्या तासात डॉक्टर स्वतःच बाहेर आले. "रक्त थांबत नाहीये. रक्त पातळ करायची गोळी चालू होती का? खरं सांगा."

तेवढ्यात विम्याच्या काउंटरवरची मुलगी धावत आली आणि तिने माझ्या हातात कागद ठेवला. "काका, अभिनंदन! सगळा खर्च मंजूर!"

"सहा वर्षांपासून," मी डॉक्टरांना म्हणालो.

मुलीने तो कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला.