पांढऱ्या कण्या

पहिला फटका भिवाजीच्या मनगटावर बसला. फावडं उडून पाटात पडलं. दुसरा बरगडीवर बसला, तसा तो गव्हाच्या भिजलेल्या वाफ्यात कोसळला.

कुशाबा कारण न सांगता काठी चालवत होता. अठ्ठावन्न सालच्या त्या माघात रिहे गावच्या डोहातले मासे आठ दिवस उलटे होऊन वर येत होते. कल्ला उचलला की आत पांढऱ्या कण्या चिकटलेल्या. पौडच्या बाजारात त्यांना कुणी हात लावेना. धाकटा भाऊ जयसिंग दोन वर्षांपूर्वी न सांगता मुंबईला निघून गेला, तेव्हापासून कुशाबा एकटाच जाळं ओढायचा. भिवाजी मात्र रोज सकाळी रिकाम्या हातांनी डोहाकाठी बसलेला दिसायचा. विष कालवायला दुसरं कोण येणार होतं?

त्याने भिवाजीचं तोंड चिखलात दाबलं आणि केस धरून वर ओढलं.

"डोहात टाकलंस का न्हाई? खरं बोल."

भिवाजीने रक्त थुंकलं. "व्हय. मीच टाकलं."

मग कुशाबाने काठी मोडेपर्यंत मारलं. शेजारच्या शेतातल्या माणसांनी त्याला ओढून काढलं, तेव्हा भिवाजीचा उजवा हात कोपरात मोडून उलटा लोंबत होता.

रविवारी पुण्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक मासे गोळा करायला आले. एक कल्ला त्यांनी भिंगाखाली धरला आणि कुशाबाला पाहायला लावलं. ते विष नव्हतं. डोहातल्या शिंपल्यांची ती पिल्लं होती. शिंपली ती पाण्यात सोडते. मासा जवळून गेला की पिल्लू दोन इवल्या झडपांनी त्याच्या कल्ल्याला चावा घेतं आणि सोडत नाही. माशाचंच कातडं त्याच्यावर चढतं. आत बसून ते माशाच्या जिवावर वाढतं आणि पंधरा-वीस दिवसांनी गळून तळाशी जातं. अशी पिल्लं फार झाली की मासा गुदमरतो. यात कुणाचा हात नाही, असं ते म्हणाले.

कुशाबाने पुढ्यातल्या ताटाला हात लावला नाही. बायको गोजराबाईने ताट बाजूला सारलं आणि आधी जाऊन भिवाजीचे पाय धरा म्हणून सांगितलं.

भिवाजी घोंगडीवर पडून होता. कुशाबाने त्याचे पाय धरले, रडला, शिंपल्यांचं सगळं सांगितलं.

"तू काय बी टाकलं नव्हतंस. मग व्हय का म्हनलास?"

भिवाजीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"मला वाटलं, तू जयसिंगाचं इचारतुयास."